दर जुलैत फुगणारी फ्रेम: कागदाची लाट, काचेला चिकटणं आणि बुरशी

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात चित्राच्या डाव्या कोपऱ्यात हलकासा फुगवटा दिसतो. जुलै अर्धा सरेपर्यंत कागदाला तीन लाटा येतात. ऑगस्टात काचेच्या आतून एक गडद, ओलसर ठिपका दिसू लागतो, जिथे कागद काचेला टेकलाय. गणपती येईपर्यंत काळ्या रंगावर पांढुरकी लव. मग दिवाळीच्या साफसफाईत फ्रेम उतरवायची, फ्रेमवाल्याकडे न्यायची, पैसे मोजायचे, परत टांगायची. पुढच्या जूनला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आमच्या ठाण्याच्या घरी हे सलग तीन पावसाळे चाललं. चौथ्या वर्षी कारण सापडलं, आणि त्यानंतरचे दोन पावसाळे चित्र धड आहे. कारण चित्रात नव्हतं, फ्रेममध्येही अर्धंच होतं. ते कसं शोधलं आणि काय केलं ते सगळं इथे लिहिते. कोकणपट्टीत, मुंबईत, गोव्यात ज्यांच्या भिंतीवर कागदाचं काहीही काचेमागे आहे, मग ते जुनं छापील चित्र असो, आजोबांचा फोटो असो की मुलाची पदवी, त्यांना यातलं बरंचसं लागू पडेल. चित्रात रस नसेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालेल.

चित्र भाचीने लंडनहून आणलेलं. नळकांड्यात गुंडाळलेली प्रिंट, अडीच फूट लांब आणि फूटभर उंच. "मावशी, घागरीवरचं चित्र आहे, तुला आवडेल." घागर ग्रीक आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरीस अथेन्समध्ये घडलेली, तिकडचा शब्द हायड्रिया. तिला तीन कान असतात: दोन आडवे, उचलायला, एक मागे उभा, ओतायला. आपल्या कळशीला एकही नसतो आणि तरी ती कमरेवर बसते, हा भाग वेगळा. घडवणाऱ्या कुंभाराने, मेइडियासने, तिच्यावर आपलं नाव लिहिलंय. खालच्या पट्टीत ग्रीक पुराणातला वीर हेराक्लीझ हेस्परिडीझ नावाच्या अप्सरांच्या बागेत आहे, सोन्याच्या सफरचंदांचं झाड, त्याला विळखा घातलेला नाग. ही घागर सर विल्यम हॅमिल्टन यांच्या संग्रहात होती. ते १७६४ पासून नेपल्सच्या दरबारात ब्रिटनचे राजदूत होते आणि थडग्यांतून निघणारी भांडी झपाटल्यासारखी गोळा करत होते. १७७२ मध्ये तो संग्रह ब्रिटिश म्युझियमसाठी ८,४०० पौंडांना घेतला गेला. त्याआधीच त्यांनी दांकारव्हिल नावाच्या एका हुशार, बोलघेवड्या आणि कायम कर्जात बुडालेल्या गृहस्थाकडून या भांड्यांच्या चित्रांचे चार मोठे खंड करून घ्यायला घेतले. खंडांवर साल १७६६ आणि १७६७ छापलंय, पण शेवटचे दोन हातात पडायला १७७६ उजाडलं. माझी प्रिंट त्याच चित्रांपैकी एकाची आजची नक्कल.

त्या खंडांच्या शीर्षकात 'एट्रुस्कन' आधी आणि 'ग्रीक' नंतर येतं, कारण इटलीत सापडली म्हणजे तिथल्या प्राचीन एट्रुस्कन लोकांची असणार, अशी तेव्हाची समजूत. त्याच लाटेत इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरात जोसायाह वेजवुड या कुंभाराने आपल्या भांड्यांच्या नव्या कारखान्याचं नाव एट्रूरिया ठेवलं. १३ जून १७६९ ला उद्घाटनाच्या दिवशी त्याने स्वतः चाकावर सहा भांडी घडवली आणि त्यांच्यावर पुढे याच बागेच्या पट्टीतली माणसं रंगवली गेली. भट्टीतून चारच धड बाहेर आली. वेजवुडची सहातली दोन गेली, तिथे आमच्या गल्लीतल्या फ्रेमवाल्याला मी किती बोल लावायचा!

या सगळ्यातून आपल्या कामाच्या गोष्टी दोन. या शैलीत माणसं भाजलेल्या मातीच्या रंगाची आणि मागची सगळी जमीन काळी असते. म्हणजे प्रिंटवर काळ्या शाईचा जाड थर, जवळजवळ अख्ख्या कागदभर. शाईचा असा भरलेला थर ओल लागली की काचेला सहज चिकटतो, आणि बुरशीची पहिली लव त्याच्यावरच उठून दिसते. दुसरी, चित्र लांबट आहे. लांब कागद ओलीने वाढतो तेव्हा लांबीतच जास्त लाटा दिसतात. गोल घागरीभोवती फिरणारी पट्टी दांकारव्हिलच्या माणसांनी मोठ्या कष्टाने सपाट केली, आणि ठाण्याच्या पावसाने ती पुन्हा गोल करायचा विडा उचलला.

तीन वर्षं, तीन दुरुस्त्या

पहिल्या वर्षी लाट आली. फ्रेमवाल्याने सांगितलं, कागद नीट ताणून बसवला नव्हता. त्याने प्रिंट चारही बाजूंनी माउंटच्या, म्हणजे काच आणि चित्र यांच्यामधल्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, मागे चिकटपट्टीने ताणून बसवली. पुढच्या जुलैत लाट दुप्पट.

दुसऱ्या वर्षी त्याने माउंटच काढून टाकला. "काच डायरेक्ट बसवतो, मॅडम, काचेच्या दाबाने कागद हलणारच नाही." हे ऐकायला पटतं. ऑगस्टात कागद काचेला चिकटला. दिवाळीत त्याने काच ओढून काढली, तेव्हा झाडाच्या बुंध्याजवळचा अंगठ्याएवढा काळा रंग काचेवरच राहिला.

तिसऱ्या वर्षी माउंट परत आला, मागून हार्डबोर्ड, चारही कडांना खाकी टेप हवाबंद लावलेला, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या. पावसाळी हवा आत शिरणारच नाही, असा हिशेब. सप्टेंबरात उघडलं तर आतून दमट कोठीसारखा वास आणि काळ्या जमिनीवर बुरशीची वर्तुळं.

म्हणजे प्रत्येक उपायाने पुढच्या वर्षीचा आजार दिला. त्या माणसाचा हात वाईट नव्हता. तो आणि मी, दोघंही फक्त समोरून बघत होतो.

कालनिर्णयने सांगितलेलं

चौथ्या वर्षी फ्रेम अजून दुकानातच होती आणि तिच्या जागी, पश्चिमेच्या भिंतीवर, मी तात्पुरतं कालनिर्णय टांगलं होतं. दुसरं स्वयंपाकघरात, आतल्या भिंतीवर. जुलैत दोन्ही बघितली. स्वयंपाकघरातलं तेलकट, पण सरळ. पश्चिमेच्या भिंतीवरचं मात्र मागच्या पानांपासून वळलेलं. समोरचं जुलैचं पान त्या मानाने बरं, सगळ्यात मागचं डिसेंबरचं पान पापडाच्या लाटीसारखं मऊ. ओल समोरच्या हवेतून येत असती तर वरचं पान आधी वळलं असतं.

आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून मारतो. पश्चिम आणि दक्षिणेकडच्या बाहेरच्या भिंती तासन्‌तास पाणी पितात. बाहेरच्या प्लास्टरला केसाएवढी चीर असली तरी पुरते. आतून पोपडे धरलेच पाहिजेत असं नाही. आमच्या भिंतीचा रंग ठणठणीत होता, हाताला ओल लागत नव्हती. तरी खात्री करायची सोपी युक्ती आहे. दीड फूट चौरस जाड प्लास्टिक घ्या, भिंतीवर चारही कडांना टेप लावून घट्ट चिकटवा, दोन दिवस तसंच राहू द्या. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, घाम धरला तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला धरला तर खोलीतली हवाच दमट आहे आणि भिंत नुसती गार आहे. दोन्हीकडे कोरडं असेल तर भिंतीला निर्दोष सोडा. ही चाचणी पावसाची झड लागलेली असतानाच करायची, मे महिन्यात नव्हे. रंग जुना असेल तर टेप काढताना त्याचा पापुद्रा निघतो, म्हणून फ्रेमखाली झाकला जाईल अशाच जागी लावा.

आमच्याकडे आतल्या बाजूला थेंब. सोसायटीला कळवलं, बाहेरून बघितल्यावर खिडकीच्या छज्जाखाली चीर सापडली. ती भरायचं काम अर्थातच पावसाळ्यानंतर, आणि सोसायटीच्या कामाचं 'नंतर' म्हणजे काय हे सांगायला नको. पलीकडे न्हाणीघर असलेली भिंतही अशीच फसवी असते. तिथे बाराही महिने ओल असू शकते, भिंतीत गाडलेल्या पाइपामुळे.

भिंत कोरडी निघाली तर मग हवा. दीडदोनशे ते पाचशे रुपयांत आकडे दाखवणारं छोटं आर्द्रतामापक मिळतं, ते घ्याच. पुढच्या वीस उपायांचे पैसे वाचतात. ६५ टक्क्यांच्या वर आर्द्रता दिवसेंदिवस राहिली की बुरशीला सोयीचं होतं. ठाण्या-मुंबईत जुलैत बाहेरची हवा ८० टक्क्यांच्या वरच असते. म्हणजे खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या घरात हा आकडा ६५ खाली येणारच नाही. ध्येय तेवढं ठेवायचंही नाही. हवा दमट राहणारच. ती एका जागी कोंडून राहू नये, एवढंच आपल्या हातात आहे.

एसीचं एक वेगळंच गणित. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर साधारण २७ अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. रात्रभर २४ वर एसी चालला, सकाळी बंद केला आणि बाल्कनीचं दार उघडलं, की फ्रेमची गार काच थंड पाण्याच्या तांब्यासारखी घामेजते. बाहेरून घामेजली तर पुसता येते. आत, कागदाच्या बाजूने घामेजली तर नाही. एसीच्या झोताखाली फ्रेम लावू नका, आणि एसी बंद केल्यावर अर्धा तास तरी दार उघडू नका.

उघडण्याआधी हे बघा

प्रिंट आहे की अस्सल, हे आधी ठरवा, कारण त्यावर पुढे स्वतः हात घालायचा की नाही ते ठरतं. जुन्या खंडांतली पानं सुटी करून विकली गेली आहेत, आणि आपल्याकडेही जुन्या घरांच्या सामानात अशी विलायती पानं निघतात. घड्याळजीचं, दसपट दाखवणारं भिंग घ्या. रंगीत ठिपक्यांची छोटी छोटी फुलं दिसली तर ऑफसेट छपाई. बारीक, विखुरलेल्या फवाऱ्यासारखे ठिपके दिसले तर इंकजेट. ठिपके नसून अखंड रेषा आहेत, शाई किंचित उठलेली आहे, चित्राभोवती तांब्याच्या पत्र्याच्या दाबाची चौकट उमटलेली आहे आणि रंग हाताने भरल्यासारखा कमीजास्त आहे, तर थांबा. फ्रेम आडवी ठेवा, उघडू नका आणि कागदाच्या संवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला संवर्धन केंद्र आहे, अशा ठिकाणी विचारणा करता येते. पुढचं सगळं साध्या प्रिंटसाठी आहे.

उघडायचं ते पावसाने उघडीप दिलेल्या दिवशी. फ्रेम पालथी, जाड चादरीवर. टेप कापायचा, खिळे पक्कडीने सरळ करून ओढायचे, हार्डबोर्ड उचलायचा. मग सगळं एकदम उचलून उलटायचं नाही. आधी कागद काचेला धरलाय का, ते बाजूने विजेरी मारून बघायचं.

धरला असेल तर ओढू नका. हे मी मोठ्या अक्षरांत लिहिलं असतं, पण देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत. इंकजेटच्या कागदावर शाई धरायला एक लेप असतो. दमटपणात तो फुगतो, मऊ होतो आणि सुकताना काचेशी सांधला जातो. पाणी लावून सुटत नाही, शाईच सुटते. हेअर ड्रायर, फ्रीजर, दोरा घालून खरवडणं, असे सगळे सल्ले मला मिळाले. अंगठ्याएवढा रंग आधीच गमावल्यामुळे एकही करून बघितला नाही. काचेसकट कागद नुसता कोरड्या, पंखा चालू असलेल्या खोलीत चार-पाच दिवस उघडा ठेवा. नुकताच टेकलेला असेल तर कधीकधी आपोआप सुटतो. नाही सुटला तर काच आणि कागद एकत्रच राहू देऊन मागची बाजू सुधारा. आणि चित्र बाजारात मिळण्यासारखं असेल तर नवीन प्रिंट आणा, त्यात कमीपणा काही नाही.

लाट असेल तर इस्त्री नको. पहिल्या वर्षी फ्रेमवाल्याने केली होती, तिची चकाकी काळ्या रंगावर तिरकं बघितलं की अजून दिसते. दोन टिपकागदांमध्ये प्रिंट ठेवा, वर काच किंवा गुळगुळीत प्लायवूड, त्यावर जाड पुस्तकं, आणि आठवडाभर विसरा. रोज टिपकागद बदलला तर उत्तम. नळकांड्यातून आलेल्या कागदाला गुंडाळीची सवय असते. त्याला दोन आठवडे लागतात.

बुरशी असेल तर आधी सुकू द्या. ओली बुरशी पुसली की ती कागदात घासली जाते. सुकल्यावर तिची भुकटी होते. मग गॅलरीत, मास्क लावून, मऊ रंगाच्या ब्रशने हलक्या हाताने बाहेरच्या दिशेने झटकायची. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी हे काम दुसऱ्याला सांगावं. डेटॉल, ब्लीच, व्हिनेगर यांतलं काहीही कागदाला लावू नका. भर उन्हात टाकू नका, बुरशीपेक्षा रंग आधी जाईल. झटकून न जाणारे, कागदाच्या आत मुरलेले तांबूस डाग मात्र राहतात. त्यांच्याशी जुळवून घ्या.

पुन्हा बसवताना

इथे सगळी मेख आहे, म्हणून सावकाश सांगते.

कागद दमट हवेत वाढतो आणि कोरड्या हवेत आक्रसतो. त्याचे तंतू ज्या दिशेला आडवे पडलेले असतात त्याच्या काटकोनात जास्त वाढतो. अडीच फुटांच्या कागदात हा फरक काही मिलिमीटरपर्यंत जाऊ शकतो. चारही बाजू चिकटवून टाकल्या तर या मिलिमीटरांनी जायचं कुठे? ते पुढे येतात, आणि आपण त्याला लाट म्हणतो. म्हणजे पहिल्या वर्षीचं 'नीट ताणून बसवणं' हाच रोग होता. कागद टांगायचा असतो, ताणायचा नसतो. वरच्या कडेला दोन छोट्या बिजागऱ्या, बाकी तिन्ही बाजू मोकळ्या. दोरीवर साडी वाळत घालतो तशी.

या बिजागऱ्या पातळ, लांब तंतूंच्या जपानी कागदाच्या करतात. चित्रकलेचं सामान मिळणाऱ्या मोठ्या दुकानांत तो मिळतो. एक इंच रुंद, दोन इंच लांब अशा दोन पट्ट्या पुरतात, फाडून घेतलेल्या, कापलेल्या नव्हेत, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात. सेलोटेप, पुठ्ठ्याचा खाकी टेप, दोन्हीकडून चिकटणारा टेप, सगळे नको. त्यांचा चिकटा काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो.

आणि गोंद? जगभरच्या संग्रहालयांत त्यासाठी वापरतात गव्हाच्या स्टार्चची खळ. हे वाचलं तेव्हा मला हसूच आलं, कारण तो आपला कुरडयांचा चीक. फरक एवढाच की कुरडयांसाठी आपण गहू तीन दिवस भिजवतो आणि तो आंबतो. आंबटपणा कागदाला नको. म्हणून घट्ट मळलेली कणीक पाण्यात धुवून काढायची, पांढरं पाणी गाळायचं, रात्रभर निवळू द्यायचं, वरचं पाणी टाकून द्यायचं, असं दोनतीन वेळा. तळाचं सत्त्व एक वाटी असेल तर चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर अर्धा तास सतत ढवळायचं. आधी दुधासारखं, मग अर्धपारदर्शक आणि तकतकीत होतं. गार झालं की मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यायचं. लागते चमचाभरच, तेव्हा चार चमचे सत्त्वाचीच करा. मीठ, हिंग नको. आणि जुने बुकबाइंडर खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालत, तोही घालू नका. त्यातल्या तांब्यामुळे कागद लवकर ठिसूळ होतो. खळ फ्रीजमध्ये दोनतीन दिवस टिकते, वास बदलला की फेकायची. पातळ थरच द्या. जाड थर म्हणजे कसरीला जेवणाचं आमंत्रण.

माउंट कापसाच्या लगद्याचा, आम्लरहित मागा. साध्या माउंटचा ४५ अंशांत कापलेला तिरका काठ एक-दोन वर्षांत तपकिरी पडतो आणि चित्रावरही तशीच तपकिरी रेघ उमटवतो. आमच्या प्रिंटवर ती उमटलेली आहे. नेहमीचा चार पदरी माउंट साधारण दीड मिलिमीटर जाड असतो. आमच्या हवेत मला तो कमी पडला, कागद थोडा फुगला तरी काचेला टेकत होता. एकावर एक दोन लावून तीन मिलिमीटर केले. माउंट नको असेल तर काच आणि कागद यांच्यामध्ये चौकटीच्या आत लपणाऱ्या बारीक पट्ट्या ठेवता येतात. काहीही करा, कागदाने काचेला शिवता कामा नये. काचेऐवजी ॲक्रिलिक वापरलं तर दव कमी धरतं, पण ते धूळ ओढतं आणि ओरखडे पडतात. मी काचच ठेवली.

मागे हार्डबोर्ड किंवा एमडीएफ नको. दोन्ही लाकडाच्या तंतूंचे, पाणी पितात आणि आम्ल सोडतात. आमचा हार्डबोर्ड काढला तेव्हा भिंतीकडच्या बाजूला तो स्पंजासारखा झाला होता, आणि हाच बोर्ड चित्राच्या पाठीला लागून होता. त्याच्या जागी चित्रामागे आम्लरहित बोर्ड, आणि त्यामागे प्लास्टिकची पन्हळी शीट, ज्याला दुकानात सनपॅक म्हणतात आणि निवडणुकीचे फलक ज्यावर छापतात ती. पाणी पीत नाही, हलकी असते, स्वस्त असते. कोरी घ्या. माझी दुकानदाराने एका उमेदवाराच्या उरलेल्या फलकातून कापून देऊ केली होती. हेराक्लीझच्या पाठीमागे कोणाचा तरी हात जोडलेला फोटो मला नको होता.

कडांना टेप लावायचा तो धूळ आणि कसर आत जाऊ नये एवढ्यासाठी. पण भिंतीला टेकलेली फ्रेम हवाबंद करणं म्हणजे ओल आत कोंडणं. आपल्या हवेत फ्रेम बंद करतो तेव्हा आतल्या कागदात, माउंटमध्ये आधीच पाणी असतं. म्हणून सगळे भाग दोनतीन दिवस कोरड्या खोलीत उघडे ठेवून मगच बंद करायचे, आणि शक्यतो हे काम डिसेंबर-जानेवारीत करायचं. सप्टेंबरात बंद केलेली फ्रेम सप्टेंबरची हवा वर्षभर सांभाळते.

शेवटचं काम सगळ्यात स्वस्त. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना अर्धा इंच जाडीचे बुचाचे तुकडे चिकटवले. त्यामुळे फ्रेम भिंतीपासून सुटी राहते आणि मागून हवा फिरते. एकूण खर्चात याला वीस रुपये लागले. मला विचाराल तर निम्मा फरक यानेच पडला.

जे केलं आणि उपयोग झाला नाही

सिलिका जेलच्या पुड्या. बुटाच्या खोक्यातून आलेल्या त्या चिमुकल्या पुड्या आमच्या जुलैत दोन दिवसांत भरून जातात, मग नुसत्या वाळूच्या पिशव्या. कपाटात ठेवायला डबाभर घेऊन दर आठवड्याला तव्यावर परतणार असाल तर गोष्ट वेगळी, फ्रेमच्या आत कोण परतणार?

डांबराच्या गोळ्या कपड्यांच्या कसरीसाठी ठीक. बुरशीला त्यांचं काही सोयरसुतक नाही, आणि वास मात्र चित्राला महिनोन्‌महिने येतो.

भिंतीला आतून वॉटरप्रूफ रंग लावून बघितला. ओल रंगामागून सरकून फूटभर बाजूला फुटली. पाणी बाहेरून येत असेल तर बाहेरूनच थांबवायला हवं.

फ्रेमच्या वर पिवळ्या बल्बचा दिवा लावला की ती ऊब मिळून कोरडी राहते, असं एकाने सांगितलं. दिवा लागतो तेव्हा कागद तापून आतलं पाणी सोडतो, विझला की ते गार काचेवर धरतं. दोन संध्याकाळी बघून काढून टाकला.

आता

बाहेरची चीर गेल्या वर्षी भरली. प्लास्टिकची चाचणी या जुलैत पुन्हा केली, आतून अगदी बारीक घाम अजून आहे. त्यामुळे चित्र मी परत त्या भिंतीवर नेलं नाही. ते आता बैठकीच्या आतल्या भिंतीवर आहे, बुचाच्या तुकड्यांवर. आर्द्रतामापक त्या खोलीत ७४ दाखवतंय. कागदाला मधोमध एक मंद उंचवटा येतो, काचेपर्यंत पोचत नाही आणि नोव्हेंबरात आपोआप बसतो. दर १५ दिवसांनी विजेरी तिरकी धरून बघते, लव नाही. झाडाच्या बुंध्याजवळचा पांढरा ठिपका तसाच ठेवलाय. भाची म्हणते काळ्या स्केचपेनने भरून टाक, पण स्केचपेनचा काळा वेगळा दिसेल.

पश्चिमेच्या भिंतीवर कालनिर्णय आहे. ते डिसेंबरपर्यंत टिकलं की झालं.